खातं नसलेला विषय : राऊल हिलबर्ग यांचं संशोधन-प्रकरण

पीएच.डी.चा विषय निवडताना आपल्याकडे ठरलेला सल्ला मिळतो. ज्यावर थोडंफार काम झालंय, ज्याला रेफरी मिळतील आणि मुलाखतीत ज्याबद्दल समितीला चार प्रश्न विचारता येतील, असा विषय घ्या. सल्ला वाईट नाही, त्यावर अनेकांचे संसार उभे राहिले आहेत. राऊल हिलबर्ग यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये यातली एकही अट न पाळता विषय घेतला : जर्मन राज्ययंत्रणेनं युरोपातले ज्यू नेमके कसे मारले. आज होलोकॉस्टच्या, म्हणजे या ज्यू-संहाराच्या, अभ्यासाची सुरुवात ज्या 'द डिस्ट्रक्शन ऑफ द युरोपियन ज्यूज' या ग्रंथापासून धरतात तो त्यातून निघाला. पण छापून यायला १९६१ उजाडलं, जर्मन भाषेत जायला १९८२ आणि हिब्रूत जायला २०१२.

प्रकरण अभ्यासात (केस स्टडीत) नावं झाकण्याची पद्धत आहे. इथे ती पाळलेली नाही, कारण सगळा व्यवहार कधीच जाहीर झाला आहे आणि नावं काढली तर त्यातला पेचच कळणार नाही.

पार्श्वभूमी

हिलबर्ग १९२६ चे, व्हिएन्नाचे. मार्च १९३८ मध्ये जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळला तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. वडिलांना अटक झाली. पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रियाच्या सैन्यातून लढले होते, या एका गोष्टीवर त्यांची सुटका झाली. राहतं घर बंदुकीच्या धाकावर सोडावं लागलं. एप्रिल १९३९ मध्ये कुटुंब बाहेर पडलं. आधी फ्रान्स, मग क्यूबा, आणि १ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे युद्धाला तोंड फुटलं त्याच दिवशी, हा मुलगा अमेरिकेत उतरला. युरोपात राहिलेल्या नातलगांपैकी २६ जण मारले गेले.

अठराव्या वर्षी ते अमेरिकी सैन्यात भरती झाले. युद्धाच्या अखेरीस म्युनिकमध्ये त्यांच्या तुकडीचा मुक्काम नाझी पक्षाच्या इमारतीत पडला आणि तिथे हिटलरच्या खासगी पुस्तकांच्या पेट्या त्यांच्या नजरेस पडल्या. परत आल्यावर ब्रुकलिन कॉलेजात रसायनशास्त्राकडे पाठ फिरवून त्यांनी राज्यशास्त्र घेतलं. तिथे हान्स रोझेनबर्ग हे जर्मनीतून आलेले इतिहासकार प्रशियाच्या नोकरशाहीवर शिकवत. एकदा तासाला बोलता बोलता ते म्हणून गेले, की आधुनिक काळात नागरिकांवर झालेले सर्वांत भीषण अत्याचार म्हणजे नेपोलियनच्या फौजांनी स्पेनमध्ये केलेले. हिलबर्ग यांनी हात वर केला : मग साठ लाख ज्यूंचं काय? सरांनी विषय गुंतागुंतीचा आहे म्हटलं आणि आपला अभ्यासक्रम तिथपर्यंत येत नाही म्हणून पुढे गेले.

या सरांना दुष्ट ठरवायचं कारण नाही. रोझेनबर्ग स्वतः नाझींमुळे देशोधडीला लागलेले होते. नोकरशाही म्हणजे काय हे हिलबर्ग शिकले ते त्यांच्याकडूनच. फक्त त्यांच्या लेखी जे घडून तीन वर्षंच झाली होती, तो इतिहास नव्हता.

पेच

हिलबर्ग यांचं म्हणणं असं, की ही हत्या कुणा माथेफिरू टोळीनं केली नाही. ती कचेऱ्यांनी केली. आधी ज्यू कोण ते ठरवलं, मग त्यांची मालमत्ता आणि पोटापाण्याची साधनं काढून घेतली, मग त्यांना एका जागी कोंडलं, आणि शेवटी मारलं. प्रत्येक पायरीला वेगळं टेबल, वेगळा आदेश, वेगळी सही. १४ नोव्हेंबर १९३५ च्या नियमात आजी-आजोबांपैकी किमान तिघं ज्यू असले की माणूस ज्यू, असं लिहिलं गेलं. ते लिहिणाऱ्या गृहखात्यातल्या कारकुनानं कुणावर हात उगारला नव्हता. पण ही व्याख्या नसती तर पुढच्या टेबलावरच्या माणसाला जप्ती कुणावर आणायची ते कळलं नसतं.

मांडणी पक्की होती, पण हे काम करायचं कुठे? इतिहास विभागाला ते फार ताजं वाटत होतं. राज्यशास्त्रात सगळ्यांचं लक्ष सोव्हिएत रशियाकडे लागलेलं. पश्चिम जर्मनी नवा मित्र होऊ घातलेला, त्यामुळे जुन्या फायली उघडायची उत्सुकता कुणाला नव्हती. या विषयाच्या जागा कुठेच निघत नव्हत्या, अभ्यासक्रम नव्हता, आणि हस्तलिखित तपासायला द्यावं असे तज्ज्ञ एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. याचा फटका पुढे कसा बसला ते येईलच.

पहिला निर्णय : विषय घ्यायचा की थांबायचं

कोलंबिया विद्यापीठात त्यांना मार्गदर्शक मिळाले फ्रान्झ नॉयमान. हेही जर्मनीतून परागंदा झालेले. नाझी राज्य म्हणजे पक्ष, सैन्य, नोकरशाही आणि उद्योग या चार सत्ताकेंद्रांची मोट, अशी मांडणी त्यांनी युद्ध चालू असतानाच केली होती, आणि युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्याच्या तयारीतही त्यांचा हात होता. या विषयासाठी अमेरिकेत यांच्याहून योग्य गाईड सापडला नसता.

हिलबर्ग यांच्यापुढे ढोबळ मानानं तीन वाटा होत्या. चालू बाजारातला एखादा विषय घेऊन पदवी मिळवायची, नोकरी पक्की करायची आणि मग मनातलं काम हाती घ्यायचं. किंवा एकच खातं, एकच देश असा लहान तुकडा तोडायचा. नाहीतर सगळंच अंगावर घ्यायचं.

नागरी सेवेचा या हत्येतला वाटा, हा तुकडा त्यांनी एम.ए.च्या प्रबंधाला घेतला. म्हणजे दुसरी वाट त्यांनी चाचपून पाहिली होती. मग पीएच.डी.साठी सगळाच विषय मागितला. नॉयमान यांनी होकार दिला, त्याचा आशय असा, की करायचं तर कर, पण तिरडी तुझीच उठेल. हा मुलगा विद्यापीठीय संशोधनाच्या मुख्य प्रवाहातून स्वतःच्या पायांनी बाहेर चालला आहे, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी त्याला अडवलं नाही, आणि खोटी आशाही दाखवली नाही. मार्गदर्शक म्हणून याहून सरळ वागणं मला तरी सुचत नाही.

एका ठिकाणी मात्र त्यांनी लाल रेघ मारली. ज्यू समाजाच्या संस्थांनी जर्मनांच्या हुकमांची अंमलबजावणी करून एका अर्थी स्वतःच्याच विनाशाला हातभार लावला, असा एक भाग एम.ए.च्या प्रबंधात होता. हे लोकांना सोसणार नाही, काढून टाक, असं नॉयमान म्हणाले. हिलबर्ग यांनी तो तिथून काढला. डोक्यातून काढला नाही.

दुसरा निर्णय : कागद कुणाचे

माझ्या मते या प्रकरणाचा जीव इथे आहे. हाताशी दोन प्रकारची साधनं होती. एकीकडे मारणाऱ्यांचे कागद : न्यूरेंबर्गच्या फिर्यादी पक्षानं गोळा केलेली हजारो दस्तऐवजांची रास, आणि अमेरिकेनं युद्धात जप्त केलेल्या जर्मन फायली. दुसरीकडे मेलेल्यांचं आणि वाचलेल्यांचं लिखाण : डायऱ्या, पत्रं, साक्षी. ही साधनं नव्हतीच असं आज अनेकांना वाटतं, ते बरोबर नाही. वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, इमान्युएल रिंगेलब्लूम आणि त्यांच्या सोबत्यांनी गुपचूप जमवलेल्या दप्तराचा पहिला भाग १९४६ मध्ये दहा पत्र्याच्या पेट्यांत सापडला, दुसरा १९५० मध्ये दुधाच्या दोन कॅनमध्ये. पोलंडमध्ये ज्यू ऐतिहासिक आयोग १९४४ पासून साक्षी लिहून घेत होता. त्याचे पहिले संचालक फिलिप फ्रीडमन तर १९५१ पासून खुद्द कोलंबियातच व्याख्यानं देत होते.

हिलबर्ग यांनी जर्मन कागद निवडले, आणि जवळपास तेवढेच. त्यामागचा विचार असा : जे घडलं त्याचं पूर्ण चित्र मरणाऱ्याला दिसणं शक्य नव्हतं. त्याला त्याची गल्ली दिसत होती, त्याचा रेल्वेचा डबा दिसत होता. बर्लिनमध्ये कोणत्या खात्यानं कोणत्या खात्याला काय लिहिलं, हे फक्त मारणाऱ्यांच्या फायलींत होतं. यंत्र समजून घ्यायचं तर यंत्र चालवणाऱ्याची नोंदवही वाचावी लागते.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. बखर खरी की अस्सल कागद, यावर राजवाड्यांपासून आपल्याकडे शाई सांडली आहे. हिलबर्ग राजवाड्यांहूनही कट्टर कागदवाले निघाले.

१९५१ मध्ये त्यांना जप्त जर्मन फायलींच्या सरकारी प्रकल्पात काम मिळालं. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात, पाणतीर बनवण्याच्या जुन्या कारखान्यात, हे दप्तर ठेवलं होतं. ते पानांत मोजतच नव्हते, फळ्यांच्या लांबीवर मोजत, तीही हजारो फुटांत. सरकारला त्यातून सोव्हिएत रशियाविषयी जे मिळेल ते हवं होतं. हिलबर्ग यांना जे हवं होतं ते त्याच फळ्यांवर होतं. बाकीच्या अभ्यासकांची फौज न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात बसून छापील पानं वाचत असताना मूळ फाईल हाताळायला मिळणं, हे त्या वयात कुठल्याही शिष्यवृत्तीपेक्षा मोठं भांडवल होतं. कचेरी चालते कशी, टिपण कुणाकडून कुणाकडे जातं, प्रत कुणाला जाते आणि कुणाला मुद्दाम जात नाही, हे तिथे कळतं.

मधल्या काळातला घात

सप्टेंबर १९५४ मध्ये नॉयमान स्वित्झर्लंडमध्ये मोटार अपघातात गेले. प्रबंध पुरा व्हायला आला असताना गाईड गेला की विद्यार्थ्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. विल्यम फॉक्स यांनी पुढची औपचारिकता पार पाडली आणि १९५५ मध्ये पदवी मिळाली. पण शिफारसपत्रं लिहिणारा, प्रकाशकाला फोन करणारा, 'हा माझा विद्यार्थी' असं सांगणारा माणूस उरला नव्हता.

नोकरीचा प्रश्नही तसाच लोंबकळत होता. काही काळ हंटर कॉलेज, मग प्वेर्तो रिको विद्यापीठाची मायाग्वेझ इथली शाखा. जानेवारी १९५६ पासून ते बर्लिंग्टनच्या व्हर्माँट विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवू लागले आणि १९९१ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. आंतरराष्ट्रीय संबंध, अमेरिकेचं परराष्ट्र धोरण, असे त्यांचे तास. ज्या विषयानं जगात नाव झालं, त्यावर तिथे स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू व्हायला १९७० चं दशक उजाडावं लागलं.

याकडे वनवास म्हणून बघता येतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. लहान गावातल्या विद्यापीठात त्यांना कुणी विषय बदल म्हणालं नाही, दर दोन वर्षांनी निबंध छापून दाखव म्हणालं नाही. तोटाही खरा आहे. पीएच.डी.चे विद्यार्थी हाताखाली तयार करावेत अशी ती जागा नव्हती. म्हणूनच त्यांचा वारसा सांगणारे बहुतेक अभ्यासक त्यांच्या वर्गात कधी बसले नाहीत. त्यांनी पुस्तक वाचलं.

तिसरा निर्णय : छापायचं कसं

प्रबंधाला कोलंबियाचा क्लार्क ॲन्स्ली पुरस्कार मिळाला. त्यासोबत विद्यापीठाच्या छापखान्याकडून प्रकाशनाची संधी होती. पण पुरस्कार होता सादर केलेल्या प्रबंधाला, आणि तो मूळ कामाचा एक भाग होता. हिलबर्ग यांना सगळं छापून हवं होतं. एखाद्यानं म्हटलं असतं, भाग तर भाग, नावाजलेल्या प्रेसचा शिक्का आधी घेऊ. हिलबर्ग बधले नाहीत आणि ती संधी गेली.

मग दारं वाजवणं सुरू झालं. इथे दोन नकार जवळून बघण्यासारखे आहेत, कारण दोन्ही नकार देणारे विषयाचे जाणकार होते.

पहिला नकार जेरुसलेमच्या याद वाशेमचा, ऑगस्ट १९५८ मधला. होलोकॉस्टच्या स्मरणासाठीच १९५३ मध्ये कायद्यानं उभी केलेली ही संस्था. दोन मुख्य कारणं दिली होती. ग्रंथ जवळपास पूर्णपणे जर्मन साधनांवर उभा आहे, ज्यूंच्या भाषांतली मूळ साधनं वापरलेली नाहीत. आणि ज्यूंच्या प्रतिकाराचं लेखकानं केलेलं मूल्यमापन आम्हाला मान्य नाही. दुसऱ्या आक्षेपामागे राजकारण होतं असं म्हणता येईल. नव्या इस्रायलला घेट्टोतल्या लढवय्यांची गरज होती, जर्मनांचे हुकूम पाळणाऱ्या ज्यू समित्यांची नव्हती. पहिला आक्षेप मात्र पद्धतीचा होता आणि तो आजही टिकतो.

दुसरा नकार प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रेसचा, एप्रिल १९५९ मधला. राइटलिंगर, पोलियाकोव्ह, आडलर यांच्या पुस्तकांनंतर या विषयात नव्यानं भर घालण्यासारखं फार उरलेलं नाही, असा त्याचा सूर. हस्तलिखित तपासलं होतं राजकीय विचारवंत हाना आरेन्ट यांनी. हिलबर्ग यांना हे कळलं बऱ्याच वर्षांनी. गंमत पुढे आहे. १९६३ मध्ये आरेन्टबाईंनी, ज्यूंना छावण्यांकडे पाठवण्याचं काम बघणारा नाझी अधिकारी आइकमन याच्या खटल्यावर जे गाजलेलं लेखन केलं, त्याचा माहितीचा कणा हिलबर्ग यांच्याच ग्रंथातून आलेला होता. आपले गुरू, तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांना लिहिलेल्या खासगी पत्रात मात्र त्यांनी हिलबर्गना मूर्खात काढलं होतं. विषयाला खातं नसलं की असं होतं : तपासणारे दोन-चारच, आणि त्या दोन-चारांतला एक प्रतिस्पर्धी.

शेवटी मार्ग निघाला तो पैशानं. फ्रँक पेट्शेक या चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या ज्यू उद्योजकानं १५,००० डॉलर दिले. शिकागोच्या क्वाड्रँगल बुक्स या छोट्या प्रकाशनानं ५,५०० प्रती काढल्या, त्यातल्या १,३०० ग्रंथालयांना वाटायच्या ठरल्या. 'द डिस्ट्रक्शन ऑफ द युरोपियन ज्यूज' १९६१ मध्ये बाहेर पडलं. ७८८ पानं, दोन रकान्यांत बारीक टाइप. कागद वाचवायचा होता, वाचकाचे डोळे नव्हे.

एक अवघड गोष्ट इथे नोंदवायला हवी. पेट्शेक घराण्याच्या कोळसा खाणी नाझी काळात बळकावल्या गेल्या आणि त्या व्यवहाराचा तपशील याच पुस्तकात आहे. म्हणजे देणगीदार हा पुस्तकातल्या एका प्रकरणाचा पक्षकार. आजच्या नियमात याची ठळक नोंद मागितली गेली असती आणि ते योग्यच झालं असतं. पण पर्याय काय होता, तर हस्तलिखित कपाटात ठेवणं.

परिणाम

वेळ चांगली साधली. त्याच वर्षी जेरुसलेममध्ये आइकमनचा खटला उभा राहिला आणि वाचकांचं लक्ष विषयाकडे वळलं. १९६२ मध्ये ब्रिटिश इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी ग्रंथाची मोठी दखल घेतली. त्यांनी विशेष बोट ठेवलं ते ज्यूंच्या वर्तनावरच्या भागावर, आणि वादळ तिथेच उठलं. शतकानुशतकं छळ सोसताना ज्यूंनी अर्जविनंत्या करून, पैसे भरून, हुकूम मानून निभावून न्यायची सवय लावून घेतली होती आणि या वेळी तीच सवय घातक ठरली, असं हिलबर्ग म्हणत होते. संहारातून जिवंत सुटलेल्यांना, मेलेल्यांच्या नातलगांना हे जिव्हारी लागलं. याद वाशेमच्या नियतकालिकात १९६७ मध्ये, हे संशोधन की बदनामी, अशा अर्थाचा सवाल करणारा लेख आला. आरेन्टबाईंच्या अधिक भडक विधानांचं बिलही यांच्याच नावे फाडलं गेलं.

जर्मनीत वेगळाच खेळ चालला. ड्रोमर क्नाउर या प्रकाशनानं १९६३ मध्ये हक्क घेतले आणि १९६५ मध्ये अंग काढून घेतलं. १९८० मध्ये सी. एच. बेक या प्रतिष्ठित प्रकाशनानंही नाही म्हटलं. दोन्ही वेळा म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेनं नकारात्मक सल्ला दिला होता, हे इतिहासकार गोट्झ आली यांनी २०१७ मध्ये उजेडात आणलं. ज्या संस्थेचा धंदाच नाझी काळाचा अभ्यास, तिनं हा सल्ला द्यावा! १९८२ मध्ये बर्लिनच्या ओले अँड वोल्टर या चिमुकल्या प्रकाशनानं धाडस केलं. स्वस्त जर्मन आवृत्ती यायला १९९० साल लागलं.

दरम्यान हिलबर्ग कागद सोडायला तयार नव्हते. १९७० च्या दशकात ते जर्मन रेल्वेच्या मागे लागले, आणि त्यांची पद्धत सर्वांत स्वच्छ दिसते ती इथे. मृत्युछावणीकडे नेल्या जाणाऱ्या माणसांचं भाडं आकारलं जात होतं. दर तिसऱ्या वर्गाचा, माणशी किलोमीटरला चार फेनिग. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. चारशे किंवा जास्त माणसं असली तर समूह सवलत, म्हणजे निम्मा दर. तिकीट एकतर्फी. परतीचं फक्त पहारेकऱ्यांचं. बिलं सुट्टीच्या सहली ठरवणाऱ्या त्याच सरकारी प्रवासी कचेरीमार्फत निघत. क्लोद लांझमान यांच्या १९८५ च्या माहितीपटात हिलबर्ग ट्रेब्लिंका या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाड्यांचा एक वेळापत्रक-आदेश, क्रमांक ५८७, हातात धरून वाचून दाखवतात. त्यावर 'गोपनीय' असा शिक्का नाही. फक्त कार्यालयीन वापरासाठी, एवढंच. गाडी भरून जाते, रिकामी येते, मग दुसऱ्या गावी भरते. गोपनीय का नाही, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार आहे : गोपनीय लिहिलं असतं तर लोकांनी प्रश्न विचारले असते.

असे तपशील भरत ग्रंथ वाढला. १९८५ मध्ये तीन खंडांची सुधारित आवृत्ती आली, २००३ मध्ये आणखी एक. मृतांचा त्यांचा हिशेब ५१ लाखांचा, रूढ आकड्याहून कमी, आणि तो त्यांनी कुणाच्या भिडेखातर फुगवला नाही. १९८५ मध्ये टोरोंटोत होलोकॉस्ट नाकारणाऱ्या एका प्रकाशकावरच्या खटल्यात ते तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहिले. उलटतपासणीत त्यांनाच आरोपीसारखं झोडपलं गेलं, म्हणून १९८८ च्या फेरखटल्यात त्यांनी साक्षीला नकार दिला. २००७ मध्ये ते वारले. याद वाशेमनं ग्रंथाची हिब्रू आवृत्ती काढली, पण पाच वर्षांनी.

वेगळं काय करता आलं असतं

कोलंबियाचा देकार घ्यायला हवा होता का? हिशेबानं बघितलं तर हो. १९५० च्या दशकातच नाव झालं असतं, नकारांची रांग टळली असती. पण या ग्रंथाचं बळ त्याच्या सलगपणात आहे. व्याख्येपासून मृत्यूपर्यंत एकच साखळी. त्यातला एक भाग आधी निघाला असता तर तो जर्मन प्रशासनावरचा आणखी एक ग्रंथ म्हणून फळीवर गेला असता आणि उरलेल्या भागाला प्रकाशक मिळणं आणखी कठीण झालं असतं. इथे मी हिलबर्ग यांच्या बाजूचा आहे.

ज्यूंच्या वर्तनाविषयीच्या भागाबाबत नाही. जर्मन फायलींवर उभं राहून जर्मन यंत्रणेबद्दल बोलणं बिनतोड होतं. त्याच फायलींवरून ज्यूंनी प्रतिकार केला की नाही हे ठरवणं ही उडी होती. जर्मन कारकुनाच्या कागदात येतो तो पकडला गेलेला माणूस. भाकरी चोरून घेट्टोत आणणारी पोरं, शेजाऱ्याकडे ठेवलेलं मूल, चोरून चाललेली शाळा, हे यशस्वी झालं तर फायलीत येतच नाही. नॉयमान यांच्या नजरेला हा भाग खटकला होता, पण त्यांनी सांगितलं 'काढ'. 'यासाठी दुसरे कागद शोध' असं सांगितलं असतं तर? फ्रीडमन त्याच विद्यापीठात होते. वॉर्साचं दप्तर शीतयुद्धाच्या पलीकडच्या बाजूला होतं, तिथे जाणं सोपं नव्हतं, हे मान्य. पण निदान निष्कर्षाला 'उपलब्ध जर्मन साधनांपुरतं' अशी मर्यादा घालता आली असती.

हिलबर्ग यांनी ही बाजू अगदीच सोडली असं मात्र नाही. १९७९ मध्ये वॉर्साच्या ज्यू समितीचे प्रमुख आडाम चेर्निआकुव्ह यांच्या डायरीची इंग्रजी आवृत्ती त्यांनी सहकाऱ्यांसोबत संपादित केली. जुलै १९४२ मध्ये घेट्टोतून हद्दपारी सुरू होताच आत्महत्या केलेला हा माणूस. रोज जर्मन कचेरीत खेटे घालणारा, कधी चार माणसं सोडवून आणणारा, पुढचं न दिसणारा. ही डायरी हाताळताना हिलबर्ग यांचा सूर बदललेला जाणवतो. मूळ ग्रंथातली ठाम विधानं मात्र त्यांनी फारशी मवाळ केली नाहीत. ते त्यांच्या स्वभावात नव्हतं.

याची दुसरी बाजू होलोकॉस्टचे पुढच्या पिढीतले इतिहासकार क्रिस्टोफर ब्राउनिंग यांच्या प्रवासात दिसते. विस्कॉन्सिन विद्यापीठात हिलबर्ग वाचून त्यांनी याच विषयावर प्रबंध करायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या गाईडनंही सांगितलं, की प्रबंध छान होईल, पण या विषयात व्यावसायिक भवितव्य नाही. म्हणजे नॉयमान यांच्यानंतर वीस वर्षांनीही सल्ला तोच. ब्राउनिंग यांनी हिलबर्ग यांनी मागे टाकलेली लहान वाट घेतली : जर्मन परराष्ट्र खात्यातलं ज्यूंविषयीचं काम बघणारं टेबल, तेवढंच. १९७५ मध्ये पदवी, १९७८ मध्ये पुस्तक. एवढ्यावर भागलं, कारण भोवतालचा नकाशा आधीच काढलेला होता. पुढे पोलंडमधल्या स्ताराखोवित्से इथल्या वेठबिगार छावण्यांवर लिहायची वेळ आली तेव्हा जर्मन कागद जवळपास उरलेच नव्हते. ब्राउनिंग यांनी तिथून जिवंत सुटलेल्या २९२ जणांच्या साक्षी एकमेकींवर ताडून २०१० मध्ये ते पुस्तक पुरं केलं. ज्या साधनांवर भिस्त ठेवायची नाही असं हिलबर्ग यांनी ठरवलं होतं, ती हीच.